गुडघ्याला काही झालं नव्हतं

वस्ताद, तुम्हाला सगळं माहीत होतं, हे मला परवा कळलं. कळलं आणि मी वेल्ह्यातल्या माझ्या तालमीत, पोरांच्या देखत, मातीत फतकल मारून हसत सुटलो. झालं असं, की पालीचा एक पैलवान सध्या माझ्याकडे आहे. वीस-एकवीस वर्षांचा, अंगाने रेडा आणि स्वभावाने गाय. लढत करताना त्याचा पाय मातीत रुतला आणि वरचं अंग फिरलं. मी त्याचा गुडघा हातात घेतला. वाटीच्या दोन्ही बाजूंना सूज, कातडी तापलेली, पाय सरळ होईना. अंगठ्याने जरा दाबलं तर गड्याने माझा खांदा असा आवळला की बोटं अजून उमटलेली आहेत. मुरगळलेला गुडघा हाताला लपत नाही, वस्ताद. मलासुद्धा तो एका क्षणात कळला. आणि मग तुमचे हात आठवले. माझ्या डाव्या गुडघ्यावर पंधरा दिवस तेल चोळणारे.

त्याला आता बावीस वर्षं झाली. मी एकविसाचा होतो. गुंजवण्याचा शेतकऱ्याचा पोर, भोरला तुमच्याच तालमीच्या पडवीत राहत होतो. घरून तांदूळ आणि नाचणी यायची, आणि तुमची बायको, आम्हा पोरांची चाची, मला आपल्या चुलीपुढे बसवून हुलग्याचं माडगं पाजायची. मी थांब म्हणेपर्यंत ती वाढायची आणि मी कधी थांब म्हणत नसे. तुम्ही दारातून बघायचात आणि म्हणायचात, "ह्यो कुस्ती करायला आलाय का माजं घर बुडवायला?" रोज्याच्या महिन्यात घोटभर पाणी न पिता तुम्ही उन्हं चढेपर्यंत तालमीतल्या मातीच्या हौद्यात उभे असायचात आणि आम्ही बैठका चुकवल्या तर बरोबर ओळखायचात. एकदा माती खणायचा कंटाळा केला म्हणून तुम्ही सगळ्यांपुढे माझ्या कानाखाली वाजवली होती. मार खाल्ला त्याचं काही वाटलं नाही. मारणारा माणूस खरा होता. तुमचा शब्द भोरच्या बाजारात नाण्यासारखा चालायचा, हे मला ठाऊक होतं. त्यामुळेच पुढचं सगळं मला इतकं जड गेलं.

चैत्रातल्या कुस्त्यांच्या फडात माझी जोड वाईकडच्या त्या थोराड गड्याशी लागली. आदल्या वर्षी त्याने आपल्या भोरच्या तालमीतल्या एकाला उचलून असा टाकला होता की गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज कडेला बसलेल्यांनी ऐकला. पण खरं सांगतो, मी हाडाला भ्यालो नव्हतो. गुंजवण्याहून निम्मा गाव चालत येणार होता, हलगी घेऊन, आणि पुढे माझा बाप. त्या सगळ्यांपुढे आपली पाठ मातीला लागलेली मला दिसायला लागली. चार दिवस तेच दिसत होतं. माडगं घशाखाली उतरेना. जोर काढताना श्वास छातीत अडकायचा. फडाच्या सकाळी मी लंगडत तुमच्यापुढे आलो आणि म्हणालो, "वस्ताद, गुडगा मुरगाळला. रातच्याला पायरीवरनं पडलो."

तुम्ही खाली बसलात. गुडघा दोन्ही हातांत धरलात, वाकवलात, सरळ केलात. "हितं दुकतंय?" मी म्हणालो, व्हय. "आन् हितं?" व्हय. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत की नाही ते मला आठवत नाही, कारण मी तुमच्याकडे पाहत नव्हतो. मग तुम्ही उठलात आणि मला घेऊन फडात गेलात. तिथे आमच्या भावकीतला एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चार वर्सं नुसत्या भाकऱ्या मोडल्या व्हय रं तिथं?" बाप खाली बघत होता. तेव्हा पंचांपुढे तुम्ही बोललात. "पोराचा गुडगा म्या माज्या हातानं तपासलाय. माजा शबुद हाय. फुडल्या साली लडंल." तुमचा शब्द म्हटल्यावर विषय मिटला. बापाने मान वर केली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गावाबरोबर परत चालायला लागला. मला मात्र वाटलं, भूमी पोटात घेईल तर बरं. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाला मी भर फडात खोटं बोलायला लावलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला ते ठाऊकही नाही. बावीस वर्षं मी हेच धरून बसलो.

आता सगळं पुन्हा आठवून बघतो तर माझ्या अकलेची कीव येते. तेल चोळत होतात तुम्ही, आणि चौथ्याच दिवशी मला हौद्यात उतरवलंत! मुरगळलेल्या गुडघ्याला कोणता वस्ताद चौथ्या दिवशी मातीत उतरवतो? वर म्हणालात, "तुला पडाय येत न्हाई, म्हनून गुडगा दुकतो. आदी पडाय शिक." रोज सकाळी तालमीतल्या प्रत्येकाने मला पाडायचं आणि मी पडून घ्यायचं. मिसरूड न फुटलेली पोरं मला पाडून शड्डू ठोकायची. मी डोळे मिटून घ्यायचो, अंग ताठ व्हायचं. "डोळं उगड. वर बग. काय दिसतंय?" आढं, मी म्हणायचो. "आनिक?" पाकोळ्या. "मग? मेलास का?" न्हाई, वस्ताद. "श्वास सोड मग. ऊठ." कधी छातीवर तळवा ठेवून तिथेच बसायचात, श्वास संथ होईपर्यंत उठू द्यायचा नाहीत. पावसाळ्यापर्यंत मी इतक्या वेळा पडलो की पाठीला मातीचं काही वाटेनासं झालं. अंग सैल पडायला लागलं, आणि सैल अंगाला डाव सुचतात हेही तेव्हाच कळलं. तुम्ही गुडघ्याचा इलाज करताय असं मला वाटत होतं.

पुढच्या चैत्रात त्याच गड्याशी लढलो आणि हरलो. बराच वेळ झुंजलो, मग त्याने मला चीत केलं. पाठ लागली, वर आभाळात एक घार फिरत होती, हलगी वाजत होती, आणि मला हसू येत होतं. गाव तिथंच होता, बापही होता. तुम्ही येऊन खांद्यावरच्या पंच्याने माझी पाठ पुसलीत. "गुडगा कसाय?" "बरा हाय, वस्ताद." "झालं तर." पुढे पुष्कळ कुस्त्या मारल्या. त्याला मात्र मी कधीच पाडू शकलो नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी भोरला होतो. मूठमाती देताना मनात आलं की आता कबूल करायचीही सोय राहिली नाही. त्यानंतर चाचीकडे जायचो तेव्हा सांगायला तोंड उघडायचो आणि भाकरीचा घास घालून मिटायचो. केवढं ओझं वागवलं, वस्ताद, आणि कशासाठी! तुम्ही फसला नव्हतात. मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं नव्हतं. तुम्ही जाणूनबुजून, माझ्यासाठी, खुशाल बोललात. परवापासून मला पोटभर जेवण जातंय.

हसण्यावरून पालीचा गडी रागावला. "वस्ताद, माजा जीव चाललाय आन् तुमी हसताय?" मग त्याच्या गुडघ्याला तेल लावता लावता पोरांना सगळं सांगितलं. हल्ली कंट्रोलच्या दिवसांत तेलही धड मिळत नाही, तरी सढळ हाताने लावलं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं ते या पोरांना सांगून बसलो. वाटलं होतं, माझी किंमत उतरेल. एकाने एवढंच विचारलं, "पडताना वर बगायचं म्हंजी कसं वो?" त्याला उद्या दाखवीन म्हणालो.

हा कागद मी कुठे टाकणार? लंगोटाच्या घडीखाली पेटीत राहील. पण लिहायला बसायचं कारण वेगळं आहे. तेल लावून झाल्यावर त्या गड्याने विचारलं, "मग तुमी तुमच्या वस्तादास्नी खरं कवा सांगितलं?" सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "सांगितलं की. फुडल्याच साली." पुन्हा खोटंच तोंडातून निघून गेलं. म्हणून आता सांगतो. त्या दिवशी माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं, वस्ताद. मी भ्यालो होतो.