भाजल्या दिवसाची कॉफी

हिदार महिना, तारीख ५, मंगळवार. सांकाबेरचा तळ.

शेठ जीपमधून उतरले ते हातात पेटी घेऊनच. पेटीत हाताने दाबायचं यंत्र. एस्प्रेसोचं! तंबूत, चुलीशेजारी! “पंधरा तारखेला ओर्नेल्लाबाई येतेय. तिच्या इटलीच्या मंडळींवर आपला अर्धा हंगाम चालतो. तिला डोंगरात एस्प्रेसो हवी. जमली तर तू, नाहीतर दुसरा स्वयंपाकी बघतो.”

अकरा वर्षं या डोंगरात चढायला येणाऱ्यांसाठी रांधतेय. मातीच्या जेबेनातली माझी कॉफी पिऊन पाव्हणे रडलेत. आणि आता दुसरा स्वयंपाकी!

लगेच बेलायला फोन. माझा धाकटा भाऊ, गोंदरच्या कॉफीबारमध्ये चार वर्षं मोठ्या यंत्रावर आहे. म्हणाला, “त्यात काय, ताई! सकाळी भाजायची, तासाभरात दळायची. शिळं भाजलेलं पाव्हण्यापुढे ठेवतात का कधी?” खरंच आहे. आपल्यात पाव्हण्यासमोर भाजतात, धूर त्याच्या नाकाशी नेतात. तशीच भाजली. दाबलं तर पेलाभर फेस! फेस बसला, खाली आंबट पाणी.

हिदार ६, बुधवार.

पुन्हा फेस. आंबट. उपासाचा दिवस, रिकाम्या पोटी सात पेले प्यायले.

हिदार ७.

तेच. कालची उरलेली भाजकी कॉफी सगळी खाली गावात वाटून टाकली. निदान त्यांच्या जेबेनात तरी सार्थकी लागेल.

हिदार ९, शनिवार.

बेलायला पुन्हा फोन. “बिया अजून ताज्या हव्यात, ताई. भाजून गरम असतानाच दळ.” गरम दळली. आणखी वाईट! म्हटलं, उंचीचा दोष असेल. इथे पाणी लवकर उकळतं, पण तापत नाही पुरेसं, मसूरसुद्धा दुपारभर शिजतात. तो म्हणाला, “मग तिथे व्हायचीच नाही. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. वय झालं तुझं.” बेचाळीस! याला पाठुंगळीला घेऊन देबार्कच्या शाळेत सोडणारी मी. पण माझ्या काळजीनेच बोलला असेल.

चेकोलबाबा, आमचे खेचरवाले, माझा सातवा पेला चाखून म्हणाले, “बाई, हे तर माझं खेचरही पिणार नाही.” त्यांच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं.

हिदार १२, मंगळवार. गीच.

आज काय झालं, लिहितानाही हसू येतंय. गीचला चढून आलो आणि पाहते तर भाजायचा तवा सांकाबेरलाच! डोकं फिरलं. चेकोलबाबांनी खेचराचं ओझं सोडलं, त्यात एक पुरचुंडी. गेल्या मंगळवारी भाजलेली, पहिल्या दिवसाची, गावात वाटायची राहून गेलेली. सात दिवसांची शिळी! लाजच वाटली. पण दुसरं होतं काय? यंत्र आधी उकळत्या पाण्याने दोनदा तापवून घेतलं, बारीक दळली, दाबलं.

सावकाश, दाट, तांबूस धार. वर बोटभर साय, ती मोडेचना. आंबटपणा नाही! चेकोलबाबांनी पेला चाटला. “बाई, आता खेचराला मागूनही मिळायची नाही.”

तर हे असं आहे! भाजलेली बी आठवडाभर गप्प ठेवायची. आपण जन्मभर उलटं शिकलो. बिचाऱ्या बेलायलाही ठाऊक नसणार. त्याला सांगायला धावत कड्यावर चढले, तिथेच फोन लागतो. सगळं सांगितलं. तो “बरं झालं” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक आलं असेल.

हिदार १५, शुक्रवार. गीच.

आजपासून नाताळापर्यंतचा उपास. ओर्नेल्लाबाई दुपारी पोचली, थंडीने नाक लाल. दोन पेले प्यायली, तिसरा मागितला. “किती दिवसांची भाजलेली?” दहा दिवसांची, म्हटलं. ती खूश. “कुणी शिकवलं? आमच्याकडे यंत्रावर उभ्या राहणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी हे सांगतात. ताज्या बीचा नुसता फेस होतो.”

कुणी नाही शिकवलं, म्हटलं.

पहिल्याच दिवशी. आणि बेलाय चार वर्षं उभा आहे. मसुराला चार वेळा मीठ घातलं मी आज. गोंदरला वेगळं शिकवत असतील, असं स्वतःला समजावतेय. कड्यावर जाऊन त्याला विचारायचं धाडस नाही झालं.

हिदार १६, शनिवार. सांकाबेर.

शेठ न्यायला आले. पुढचे तीन हंगाम माझेच! भलतेच खुशीत होते. गाडीला टेकून म्हणाले, “भावाला तोंडघशी पाडलंस बघ तू! हे यंत्र त्यानेच आणून दिलं होतं मला दोन तारखेला. म्हणाला, ताईला द्या, तिला जमायचं नाही, मग तिच्या जागी मला ठेवा.” आणि हसले. त्यांना ती बहीणभावाची गंमत वाटली.

मीही हसले. केसाने गळा कापला माझा, आणि मी हसले.

उद्या रविवार. चर्चहून आल्यावर आईचा फोन येतो. बेलाय कसा आहे, एवढंच विचारते ती दरवेळी.