पाणचक्कीतले दोन सूर

बाई, माझ्या परीक्षणामुळे एका शिक्षिकेने संगीत करणं सोडलं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. ही लाज दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही.

इथे जर्मनीत काही हौशी मंडळी नोकरी सांभाळून कॉम्प्युटरवरचे साहसी खेळ बनवतात. चित्रातल्या खोल्यांतून फिरायचं, कोडी सोडवायची, कुलपं उघडायची. संगीतही त्यांच्यातलंच कोणीतरी फुकट करून देतं. माझी मुलगी आखनला शिकते आणि अशा खेळांची चित्रं काढते. त्यांच्या वेबसाइटवर संगीताबद्दल लिहायला कोणी नव्हतं. "आई, तू गाणं शिकलीयेस ना? आणि चुका काढायला आवडतातच तुला," ती म्हणाली. खोटं नव्हतं. वाल्डॉर्फला मी सॉफ्टवेअर तपासते. प्रत्येक भाग सुटा काढायचा, सुटा तपासायचा, दोष लिहायचा. संगीतही तसंच तपासू लागले. खेळ बाजूला ठेवून नुसते संगीताचे तुकडे हेडफोनवर ऐकायचे. पाणचक्कीच्या खोलीसाठी किंडरगार्टनमधल्या एका शिक्षिकेने केलेला तुकडा आला. मी लिहिलं, "दोनच सूर, तेही पुन्हा पुन्हा. सांगण्यासारखं काही नसेल तर गप्प बसावं." वाक्य जमलं म्हणून खूशही झाले होते.

गेल्या रविवारी मुलीचा फोन आला. त्या शिक्षिकेने आपलं सगळं संगीत काढून घेतलं होतं.

"आता खेळ मुकाच जाणार. तू तो खेळलीस तरी का?"

"संगीत ऐकायला खेळायचं कशाला?"

"गेनाऊ, तेच तर! भात न खाताच मिठाला नावं ठेवलीस." मग रागारागाने जर्मनमध्ये बरंच बोलली आणि फोन ठेवला.

माझ्याकडे खेळाची जुनी प्रत होती. खेळायला बसले. पाणचक्कीचं दार काही उघडेना. हे करून बघ, ते करून बघ, चहा गार झाला. मग लक्षात आलं की ते दोन सूर मघापासून चालूच आहेत, आणि त्यांच्या आधारानेच मी न वैतागता विचार करते आहे. तो तंबोराच होता, बाई. कॉलेजची सगळी वर्षं तुमच्या मागे तंबोरा घेऊन बसले, आणि मला तो ओळखू आला नाही.

सांगलीच्या त्या कार्यक्रमात मी तारा जोरजोरात छेडते आहे, कारण पहिल्या रांगेत माझ्या मैत्रिणी आहेत. टाळ्या चालू असताना तुम्ही मान न वळवता म्हणता, "अगं, गाणं तुझं आहे की माझं? तंबोरा चालू आहे हे कळायला नको. थांबला तर कळायला हवं." घरी गेल्यावर मात्र पिठलं-भात वाढता आणि वर तूप घालता. लग्न होऊन मी इकडे निघाले तेव्हा तोच तंबोरा मला दिलात. "रोज बस त्याच्यापाशी," एवढंच म्हणालात. तो इथे कपाटामागे उभा राहिला. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी गवसणीवरची धूळ पुसली. गवसणी काढली नाही.

परीक्षण काढून टाकलं. त्या शिक्षिकेला माफीचं लिहिलं. उत्तर आलं, "तुमचं बरोबरच होतं. दोनच सूर आहेत." त्यात टोमणा असता तर बरं वाटलं असतं. शेवटी मुलीने मध्ये पडून काल हायडेलबर्गच्या स्टेशनवर आमची भेट घडवली. माझ्याच वयाची बाई, हातात सायकलचं हेल्मेट. पाठ करून नेलेलं माफीचं वाक्य मी अर्ध्यावर सोडलं आणि बरोबर आणलेला तुमचा तंबोरा पुढे केला. पुन्हा संगीत करीन असं ती म्हणाली नाही. गवसणी थोडी खाली सरकवून तिने एक तार छेडली, कान जवळ नेला आणि विचारलं, "हा असाच वाजतो?"

मी हो म्हणाले.

तिच्या हाती दिलं ते असं: तुमचा तंबोरा, गवसणीसकट. तारांचा एक जादा संच. तारांखाली सरकवायचे जवारीचे दोरे, तुमच्याच डबीत. सुरात लावून मात्र दिला नाही, बाई. सकाळभर खुंट्या पिळत बसले होते. मला तो लावता आला नाही.