शेवाळाचं सूप आणि शेवटचा फटका

मियाझाकी, जपान

आई,

इथूनच तुला वाकून नमस्कार. तुझी लेक जिंकली! आज हरले असते तर गाशा गुंडाळून कोरियाला परतावं लागलं असतं. आता पुढच्या वर्षीही इथल्या स्पर्धा खेळणार.

बाबांचा गुडघा छान आहे. माझी गोल्फची बॅग रोज त्यांनीच वाहिली. फक्त जिना चढताना माझा खांदा धरतात. तुझा खोकला कसा आहे? खरं सांग.

आता रागावू नकोस. तू दिलेलं सुकं समुद्री शेवाळ स्पर्धा संपेपर्यंत शिजवायचं नाही, अशी तुझी ताकीद होती. सामन्याआधी ते बुळबुळीत सूप प्यायलं की नशीब घसरतं, हे मलाही ठाऊक आहे. पण शेवटचा दिवस नेमका माझ्या वाढदिवशी आला. मला जन्म दिल्यावर तू जे सूप प्यायलीस, ते वाढदिवसाला चुकवू कशी? सकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर गुपचूप केलं आणि वाटीभर ओरपलं.

शेवटच्या फटक्याला चेंडू भोकाच्या अगदी काठाशी रेंगाळला. माझा जीव टांगणीला! बाबा ओरडले, "घसर रे बाबा, घसर!" आणि तो घसरून टपकन आत पडला.

संध्याकाळी खोलीवर येऊन लपवलेलं पातेलं काढलं, तर आत थेंबभर सूप नाही. बाबा हसून म्हणाले, "सकाळीच संपवलं. घसरायचंच तर पोरीने एकटीने का घसरायचं?"

तुझी, सूप पिऊन जिंकलेली,
गाउल