काचेजवळचं दूध

१२ जानेवारी १९५४
नव्या वर्षाचा संकल्प, जरा उशिरा पण पक्का. यंदा पेपर छापायचाच. विषय झकास आहे. म्हशीच्या दुधातल्या चरबीच्या कणांवर विजेचा भार असतो. दूध पाण्यात अगदी पातळ करायचं, काचेच्या चपट्या पेटीत भरायचं, दोन टोकांना बॅटरी जोडायची आणि कण किती वेगानं पळतात ते मायक्रोस्कोपमधून मोजायचं. सर म्हणाले, घाई करू नका. मी घाई कधी करत नाही.

१६ जानेवारी, शनिवार
आज बयाबाईच्या म्हशीचं दूध. होस्टेलच्या मेसला रतीब तिचाच, लॅबलाही लोटाभर तीच देते. संध्याकाळी खासबागेत कुस्त्या, म्हणून जरा आवरतं घेतलं. कण तरंगून पेटीच्या वरच्या काचेला लागून दिसत होते, तिथंच मोजले. रोजच्यासारखं खोलात फोकस करण्यात जन्म जातो. निकाल धक्कादायक. आधी मोजलेल्या बाकीच्या दुधांतले कण पळतात, हिचे रांगतात. मिठानं कण मंदावतात, तेव्हा अर्थ उघड आहे. बाई विहिरीचं खारं पाणी घालते.

१८ जानेवारी
कर्तव्य म्हणून मेसचे मॅनेजर गणपतराव यांच्या कानावर घातलं. म्हणाले, पण साय तर जाड धरते की. मी म्हटलं, सायीवर जाऊ नका, शास्त्रावर जा. रतीब बंद.

२० जानेवारी
सरांनी विचारलं, कण पेटीत कुठल्या खोलीवर मोजलेत? म्हटलं, वरच. सरांनी पेटी उचलून माझ्यासमोर धरली. मग सांगितलं, काचेवरही भार असतो. वीज सोडली की काचेलगतचं पाणी उलटं सरकतं आणि पेटीच्या मधून परत येतं. काचेजवळचा कण त्या उलट्या पाण्यात सापडतो, म्हणून सुस्त दिसतो. वरून साधारण पाचव्या हिश्शावर पाणी स्थिर असतं, खरा वेग तिथंच कळतो. हे मला माहीत होतंच. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

संध्या. ६. तिथं मोजलं. बयाबाईचे कण चांगले पळतात. दुधात पाणी होतं ते मीच पातळ करायला घातलेलं. सरांना रतीबाचं ओझरतं सांगितलं. म्हणाले, मग आधी मेसमध्ये जाऊन या. म्हटलं, निघालोच.

२१ जानेवारी
जमलं नाही. पित्त. काही दिवस मेसऐवजी खानावळीत जेवणार. तिथं तिखट जास्त असतं, पण पित्ताला चालतं.

२५ जानेवारी
रतीब जाऊनही बयाबाई लॅबला दूध घालते. काय म्हणतंय मशीन, मास्तर, असं विचारलं. म्हटलं, मोजणी चालू आहे. चालू द्या की, म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं बहुधा. आता म्हस विकावी लागणार. पोरं काय खाणार? मी पापी आहे. एवढं लिहिल्यावर जरा बरं वाटलं.

२ फेब्रुवारी
सोमवारी मेस, नक्की. भाषण तयार आहे: आधी काचेचा परिणाम, सविस्तर, मग शेवटी माझ्या चुकीचा उल्लेख. गणपतरावांसाठी आकृतीही काढली. नंतर वाटलं, रंगीत हवी.

९ फेब्रुवारी
सोमवार आकृतीत गेला. आज बयाबाई पुन्हा मशीनचं विचारून बराच वेळ उभी राहिली. अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं, काचेचा दोष आहे थोडा. काचंचा व्हय, म्हणाली आणि चरवी उचलून गेली. म्हणजे अर्धी कबुली झालीच. तरी लाज वाटते.

१३ फेब्रुवारी, सकाळी
गेलो एकदाचा. मेसमध्ये बयाबाई पातेल्यात दूध ओतत होती. गणपतराव म्हणाले, पावणं, वाट चुकला काय? रतीब कधीच सुरू झालाय. एकवीस तारखेलाच सर येऊन गेले, चूक आमच्या लॅबची म्हणाले. तुमचं नाव त्यांनी न्हाय घेतलं, ते मीच बाईला सांगितलं.

मी बयाबाईला विचारलं, मग मला बोलली का नाहीस? म्हणाली, तुमी कवा सांगताय ते बघत हुते. चुकला त्येचा राग न्हवता, मास्तर. काचंवर ढकललंसा, तवा आला.

मी म्हटलं, चूक माझी होती. व्हय की, म्हणाली, आणि दुसरं पातेलं पुढं ओढलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.