आजोबांचं पहिलं मत

ईलिंग, लंडन, रविवार, १२ ऑक्टोबर

आमच्या लेकीच्या, सईच्या, होणाऱ्या सासूबाई, लोरेटा, आज अमेरिकेहून पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आल्या. सगळं छान चाललं होतं, आणि सुहासने विषय काढलाच. म्हणे, गुलामगिरी संपून इतकी वर्षं झाली, तुमच्या राजकारणात अजून तेच का उगाळतात? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा माझा!

लोरेटा चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या आजोबांनी साठीत पहिल्यांदा मत दिलं. त्याआधी आमच्या गावात काळ्या माणसाला मत देऊच देत नसत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले होते. मी सात वर्षांची, त्यांचा हात धरून रांगेत उभी होते. आता सांगा, किती जुनं झालं?"

तो पांढरा शर्ट डोळ्यांसमोरून जातच नाही. घामाने भिजला असेल का? भीतीने?

"अजूनही मतदारसंघ असे आखतात, की आमची मतं विखुरली जावीत," त्या म्हणाल्या. "म्हणून यंदा मीच आमच्या गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहतेय."

सुहास आता वाद घालणार, असं वाटलं. तर म्हणाला, "सॉरी. मला हे माहीतच नव्हतं. प्रचाराला माणसं लागतील ना?"

त्या गेल्यावर बघते, तर स्वारी विमानाचं तिकीट शोधतेय.

म्हटलं, "दोन बघ."