आणखी कोणाला पाजलंत?

५ मार्च, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आले. नवा डॉक्टर आलाय, हामाबे. मिसरूड अजून नीट फुटलेली नाही. बोटीतून उतरला तेव्हा तोंड हिरवं पडलेलं, वाटेत दोनदा ओकला म्हणे, तरी तपासायला बसला. पोरगा गुणी आहे.

माझ्या रक्ताचा कागद काढला आणि त्याच्यावर चौकटी आखायला लागला. ही माझी चौकट. तिच्याखाली सायोची. सायोच्या चौकटीवर फुली! चार वर्षं झाली तिला जाऊन, पण कोणी पेनाने माझ्या लेकीवर काट मारताना बघवत नाही.

मग विचारतो, 'तोमेआजी, सायोबाईंशिवाय आणखी कोणाला पाजलंत?'

मी म्हटलं, 'नाही.'

लिही ना तामिको. 'नाही' म्हणाली, असं लिही. थांबलीस का? शाई संपली?

६ मार्च

आज पाऊस नाही, बोट वेळेवर. एवढंच.

नाही, अजून थोडं. तामिको रोज नऊला येते. आधी चहा पिते, मग मी बोलते आणि ती लिहिते. सायो गेली त्याच महिन्यात आली होती, म्हणाली, 'काकू, तुम्ही बोला, मी लिहून घेते. पोस्टात तीस वर्षं लोकांचे पत्ते लिहिले, आता तुमचं लिहीन.' मला अक्षर येत नाही. अकराव्या वर्षी बुड्या मारून शंख काढायला लागले, आणि समुद्राच्या तळाशी शाळा नव्हती. आमचा नियम एकच — लिहिताना तामिको म्हणजे फक्त हात. हाताने मध्ये बोलायचं नाही.

तर त्या हाताच्या मनगटावर आज लाल डाग दिसला. बोराएवढा.

'हे काय गं?'

'काही नाही काकू. वाकामे धुतलं ना काल, खारं पाणी लागलं.'

बेटावरच्या बाया शंभर वर्षं हे शेवाळ धुताहेत. कोणाला खारं पाणी लागलेलं मी ऐकलं नाही. पण लिही — खारं पाणी लागलं.

९ मार्च

डाग तसाच आहे.

सायोचंही डागापासूनच सुरू झालं होतं. पाठीवर. मी म्हटलं होतं, साबण बदल. मी! तिने तीन साबण बदलले. चौथ्या महिन्यात गळ्याला गाठी आल्या, तेव्हा कुठे नागासाकीला गेली.

१२ मार्च, मंगळवार

आजचा हात वेगळा आहे. तामिको नुसता चहा पिऊन, ओहोटी गाठून किनाऱ्यावर गेली. मी वही पिशवीत घालून दवाखान्यात आणली आणि डॉक्टरला म्हटलं, 'आज औषध नको, अक्षर द्या.' तो लिहितोय. कोणाची चूक काढू नये, पण ह्याचं अक्षर मला न वाचताही वाईट दिसतं. (लिहा, लिहा, तेही लिहा.)

मी खोटं बोलले होते. आणखी एक बाळ होतं. ते बाळ म्हणजे तामिको.

सन बासष्टचा हिवाळा. सायो दीड महिन्याची. तामिकोच्या आईला बाळंतज्वर आला, दूध आटलं. डब्याचं दूध बोटीने यायचं, आणि बोट आठ दिवस आली नाही. तिचा बाप पोरीला कोटात गुंडाळून दारात उभा राहिला. आमच्या बेटावर दूध मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीतच नव्हती. जिच्या अंगाला दूध, तिचं दार उघडं. त्या बदल्यात कोणी रताळी ठेवून जायचं, कोणी नुसतं वाकून जायचं. आठ दिवसांसाठी घेतली आणि सात महिने पाजली. उजवीकडे सायो, डावीकडे ही. डावीकडची जास्त ओढायची! सायो मोठी झाल्यावर मी तिला चिडवायची — तुझ्या वाटणीचं अर्धं तामिकोनेच प्यायलं, म्हणून तू अशी काडी.

वर्षाची झाली तेव्हा ते कुटुंब सासेबोला गेलं. तामिको परत आली ती पोस्टाची बाई होऊन. तिच्या आईने तिला हे सांगितलं नव्हतं. दुसरीचं दूध मागावं लागलं ह्याची त्या बाईला लाज वाटायची. आणि ज्यांना ठाऊक होतं त्या साऱ्याजणी आता चर्चमागच्या उतारावर निजल्या आहेत.

डॉक्टरला म्हटलं, 'आता मला नीट सांगा. माझ्या दुधात होतं तरी काय?'

तो म्हणाला, तुमच्या रक्तात आहे तोच विषाणू, आणि हा सुटा फिरत नाही. रक्तात ज्या शिपाई पेशी असतात, त्यांच्याच पोटात घर करून बसतो. ती पेशी दुसऱ्या पेशीला जाऊन चिकटली, की हा ह्या घरातून त्या घरात. आईच्या दुधात अशा जिवंत पेशी असतात. बाळ महिनोन्महिने पीत राहिलं, की एखादी आत जाऊन ठाण मांडते.

'मग पन्नास-साठ वर्षं करतो काय तो आत?'

'दोन प्रथिनं बनवतो, आजी. एक आरडाओरडा करणारं. ते पेशीला म्हणतं वाढ, वाढ, वाढ. पेशीला आवर घालणारी, तिची मोडतोड दुरुस्त करणारी आपली जी प्रथिनं असतात, त्यांनाच जाऊन गुंतवून ठेवतं. पण त्याच्या ओरडण्याने आपले पहारेकरी जागे होतात आणि ती पेशी मारतात. म्हणून ते थोडा वेळ ओरडतं आणि गप्प बसतं. दुसरं प्रथिन मात्र कधीच ओरडत नाही. ते पहारेकऱ्यांच्या फारसं नजरेत येत नाही, आणि पेशीला मरू देत नाही.'

म्हणजे एक बोंबल्या आणि एक मुका. घर बुडवतो तो मुकाच. आमच्या गल्लीतही तसंच आहे.

'सगळ्यांचंच घर बुडत नाही,' डॉक्टर म्हणाला. 'शंभर जणांच्या रक्तात हा असला, तर पाचेकांना सायोबाईंसारखा रक्ताचा कर्करोग होतो. बाकीचे म्हातारे होऊन मरतात. तुमच्यासारखे.'

'मी अजून मेले नाही, डॉक्टर.'

लाजला.

मग मी मनगटावरच्या डागाचं सांगितलं. म्हटलं, 'तामिकोला हा विषाणू असेल का? तिला वेळेत कळलं तर काही करता येईल?' त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, 'दुसऱ्या माणसाच्या रक्ताबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही, आजी. पण तुम्ही तिच्याशी बोला. लवकर बोला.'

बोला म्हणे! सायोला मी मारलं, हे मला चार वर्षं माहीत आहे. ते गिळलं. आता त्याच तोंडाने तामिकोला सांगू, की तुलाही मीच पाजलं? आणि ती पेन ठेवून उठून गेली, उद्या नऊ वाजता आलीच नाही, तर? माझ्याकडे आता दुसरं माणूस नाही. सायोचा पोरगा आहे फुकुओकाला, ट्रक चालवतो, नवीन वर्षाला फोन करतो. तो डब्याच्या दुधावर वाढला. नागासाकीच्या डॉक्टरांनी सायोला पाजू नको सांगितलं होतं. तेव्हा मीच तिला महिनाभर टोमणे मारले — वासराला पाजतात असं डब्यातलं! तिने माझं ऐकलं नाही म्हणून तो पोरगा आज निर्धास्त आहे.

हे पान मी भाताच्या खळीने चिकटवून टाकणार आहे.

१३ मार्च

तामिकोने वही उघडली. चिकटलेल्या पानावरून बोट फिरवलं.

'काय झालं काकू?'

'भात सांडला.'

'पानांच्या आत?'

'वय झालं माझं.'

तिने नव्या पानावर तारीख घातली. दोन पानांच्या मध्ये नेमका भात सांडणारी म्हातारी आख्ख्या बेटावर मी एकटीच असेन.

१६ मार्च

डाग दोन झाले. तिने बाही खाली ओढली, आणि मग हे वाक्य लिहिलं.

१७ मार्च, रविवार

चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबांना सांगावं असं मनात आलं होतं. ते म्हणतील, तीन प्रार्थना म्हण. म्हणेन की! पण मुक्याला प्रार्थना ऐकू जाते का?

बाकावर तामिको शेजारीच होती. मफलर घातलेला. मार्च महिन्यात!

१९ मार्च, मंगळवार

आडून आडून सांगून बघितलं. म्हटलं, 'डॉक्टर आलाय, तूही जाऊन रक्त देऊन ये. साठी उलटली तुझी.'

'माझं रक्त पोस्टाचं आहे काकू. शिक्का मारलाय, परत घेत नाहीत.'

'चेष्टा नको. जा म्हणते ना.'

'तुम्ही चेष्टा करायची आणि मी नाही? हा कुठला न्याय!'

हसली. मग रताळं आणि चिकट भात कुटून केलेल्या मोचीचे दोन तुकडे भाजले, मोठा मला दिला. मी तो खाताना तिच्या गळ्याकडेच बघत होते. मफलर काढत नाही.

२० मार्च

आज लिहायला काही नाही. लिहिण्यासारखं जे आहे ते ह्या हाताला सांगता येत नाही.

हो, हेही लिही. बघतेस काय?

२२ मार्च, शुक्रवार

डॉक्टर रस्त्यात भेटला. 'बोललात?' विचारलं. मी म्हटलं, 'तुम्ही आज बोटीत ओकलात?' तो म्हणाला, 'आजी, मी तुम्हाला विचारलं.' पोरगा कोवळा आहे, पण वाकत नाही.

२४ मार्च

तामिको उद्या नागासाकीला जाणार. म्हणे दात दुखतोय. कुठला दात ते विचारलं तर आधी डावा म्हणाली, मग उजवा.

२६ मार्च, मंगळवार

काल तामिको आली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. नऊ वाजले तशी मी चहा ओतला, एकच पेला.

आज आली. दात दोन्ही बाजूंचे जागच्या जागी. मनगटाला मात्र पांढरी पट्टी.

'नागासाकीत दात काढायला मनगटातून शिरतात का गं?'

'मासा चिरताना सुरी लागली, काकू.'

सायोनेही पाठीला पट्टी लावून आल्यावर असंच काही सांगितलं होतं. दारावर घासलं म्हणे. त्या पट्टीखालून डॉक्टरांनी कातडीचा तुकडा काढून घेतला होता. तेव्हा मी दारच रंगवून घेतलं — खडबडीत झालंय म्हणून! अशी मी शहाणी.

खाली मान घालून लिहितेय. डाव्या हाताने कागद धरलाय, उजव्या हातावर पट्टी, तरी अक्षर सरळ येत असणार. तिचं अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल. ती उठून गेली तरी चालेल. नऊ वाजता कोणी नाही आलं तरी चालेल. चालणार नाही, पण चालवीन.

२७ मार्च

उद्या. उद्या सांगणार. काय ते आज विचारू नकोस, तू फक्त हात आहेस.

२८ मार्च, गुरुवार

सांगितलं. डोळे मिटून, एका दमात. बासष्ट साल, बोट नाही, बापाचा कोट, डावी बाजू, सात महिने. डोळे उघडले तर तामिको लिहीतच होती.

'काकू, मला पाच वर्षं ठाऊक आहे. सायोनेच सांगितलं आणि तिनेच मला नेऊन रक्त तपासून घेतलं. आहे माझ्यातही. दर सहा महिन्यांनी मोजतात. मनगटाचा तुकडा घेतलाय, निकाल पुढच्या शुक्रवारी. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. म्हणाली, आई रोज एकटीच बसून स्वतःला खात बसेल, तू जात जा.'

मी म्हटलं, 'हे लिहू नकोस.'

तिने लिहिलं.