भिंतीवरचा पंजा

बजाजनगर, वाळूज
शुक्रवार

प्रिय खंडू,

तू बनवलेला माऊस मिळाला. खोक्यातली चिठ्ठी आधी वाचली: 'ताई, खोटं कौतुक नको, खरं मत दे.' अरे, अकरा वर्षं मी इथं कंपनीत कॉम्प्युटरवर डायची, पत्रा कापायच्या साच्यांची, ड्रॉइंग काढतेय, खोटं कौतुक करायची सवय राहिलीय कुठं? शिवाय माझंही काम यात अडकलंय. सोमवारी साहेबांसमोर आठ तासांत एका डायचं पूर्ण ड्रॉइंग काढून दाखवायचंय. जमलं तर खुर्ची माझी, नाही तर स्टोअरला बदली. ते मी तुझ्या माऊसवर काढणार आहे, तेव्हा त्याची तपासणी कसून केलीय.

तू वजन अठ्ठावन्न ग्रॅम लिहिलंस. आमच्या काट्यावर साठ भरलं, दोन ग्रॅम कुठून आले ते बघ. तरी हलका म्हणजे खरंच हलका. जुन्या माऊसनं जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं मनगट सुजायचं. परवा सहा तास काम करून घरी आले आणि पोळ्या लाटल्या. आई सध्या देवगावहून आलीय. तिनं तो तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाली, "लई हलकं हाय गं, आतलं सामान घालायचं इसरला का काय खंडू?" पाठीवरची भोकं मात्र मला पटली नाहीत. गेम खेळणाऱ्या पोरांच्या खोलीत ठीक आहेत, इथं ग्राइंडिंगची धूळ उडते. तीन दिवसांत आत राखाडी थर बसला, तो मी जुन्या टूथब्रशनं काढला.

आता आकार. अंगठ्याचा खळगा इतका नेमका बसला की मी आईला विचारलंच, आणि तिनं सांगून टाकलं. माझ्या हळदीच्या दिवशी देवगावच्या घरी दाराशेजारी भिंतीवर उमटवलेला पंजा; शेजारी फुटपट्टी धरून त्याचा फोटो तू मागवलास म्हणे. वेड्या, भिंतीवर दाबलेला पंजा पसरतो आणि माऊसवर ठेवलेला हात आखडतो, एवढं तुम्हाला डिझाइनच्या कॉलेजात शिकवलं नाही? मागची बाजू पाच मिलिमीटर जास्त रुंद झालीय. हे तुला ठणकावून लिहायचं ठरवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. पन्नास जणांचे हात मोजता आले असते, तू माझा मोजलास.

डाव्या बटणाबद्दल तू तीनदा विचारलंस, हलकं दाबलं जातं का, बोट थकतं का. त्यावर मला मत देता येत नाही. मी बटणांची अदलाबदल करून घेतलीय. साधी क्लिक आता उजव्या बटणावर, मधल्या बोटानं; दुसरी क्वचित लागते, तेव्हा तेच बोट डावीकडे सरकवते. पहिल्या दिवशी अर्धं ड्रॉइंग चुकून पुसलं गेलं. मंगळवारी साडेनऊ तास लागले, काल पावणेनऊ. अजून दोन दिवस हातात आहेत आणि मी ते वाया घालवणार नाही.

खंडू, मे महिन्यापासून व्हिडिओ कॉल टाळायला माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलाय असं सांगत आले, तो बिघडलेला नाही. नव्या डायच्या चाचणीला प्रेसमध्ये पत्र्याची पट्टी अडकली, मी घाईनं हात घातला. चूक माझीच. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली. तुझ्या नोकरीला तेव्हा महिनाही झाला नव्हता, तू सगळं टाकून पळत आला असतास, म्हणून आईला मीच शपथ घातली. माझ्यावर हवं तेवढं रागाव, तिला बोलू नकोस. पण भिंतीवरचा तो पंजा आता माझा नाही. सोबतच्या कागदावर माझा आजचा हात आहे, माऊसवर ठेवते तसा सैल. पेन आईनं फिरवलं. त्या बोटाशी येऊन ती थांबली. मी म्हटलं, फिरव. मापं मी स्वतः लिहिलीत, मिलिमीटरमध्ये. सोमवार मी या माऊसवर काढते. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांसाठी मला या हाताचा माऊस हवाय. बनव.

तुझीच,
रत्नाताई